कोन, कोण आणि कारणाचा रकाना

११ ऑगस्ट ८७
ठेकेदार नोंदणीचा फॉर्म परत आला. सरकारी शेडचं काम घ्यायचं तर दहावी पाहिजे. मी 'सातवी' लिहिलं होतं. बायको विमल म्हणाली, १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसा, मी शिकवते. ती पडघ्याच्या शाळेची दहावी पास. लग्नापासून एक दिवस विसरू दिलेलं नाही.

६ सप्टें.
वाटलं, भूमिती तर आपलीच. वीस वर्षं पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या वेल्डिंग करतो, काटकोन डोळ्यानं कळतो. विमलनं एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा काढल्या. समोरासमोरचे कोन समान, सिद्ध करा. म्हटलं, दोन पट्ट्यांना मध्ये बोल्ट मार आणि फिरव, दिसतंच. म्हणाली, "दिसतं, याला मार्क नाहीत. का, ते लिहा." वहीत दोन रकाने पाडून दिले. विधान, कारण. दुसरा कोराच राहिला.

२० ऑक्टो.
सराव पेपर. 'काटकोण', 'विशालकोण', सगळीकडं लाल पेन. लग्नानंतर सासरी दाराची कडी वाजली, मी आतून "कोन हाय?" म्हटलं. मेहुणे अजून हसतात. तेव्हापासून घासून घासून ण केला. आता ही म्हणते, इथं न. पण त्रिकोणात ण, चौकोनात परत न. म्हटलं, चौथी बाजू आली की न का होतो, त्याचं कारण लिही रकान्यात. लाल पेनाला टोपण लावलं. पहिल्यांदाच.

८ डिसें.
टेमघरला रईसभाईंच्या लूमची शेड. शेठ म्हणतात, "ऊपर का कोना छोटा करो, ढलान यही रहने दो." एरवी होत नाही म्हणून मोकळा झालो असतो. आज खडूनं फरशीवर त्रिकोण काढला. तिघांची बेरीज १८०. वरचा कमी केला की खालचे वाढणार, पत्रा उभा होणार. शेठ खडूच्या रेघांवर वाकले. "मिस्त्री, पहले तो बस मना करते थे." कैची आहे तशीच ठरली.
विमलला सांगितलं. म्हणाली, हेच तर लिहायचं असतं.

१८ मार्च ८८
भूमिती झाली. सरळ रेषेवर शेजारी शेजारी दोन कोन. एक ६५ दिलेला, दुसरा काढा. सवयीनं दिलेल्या कोनाला कोनमापक लावला. ७० भरला. परत लावला, ७०च. छापताना वाकडं झालेलं. आपल्या धंद्यात माप खरं, कागद खोटा. पाच अंश चुकले तर शेड गळते. पेन उचलवेना. शेवटी दिलेलं धरलं. ११५. कारण, रेषीय जोडी, दोघांची बेरीज १८०.
आणि...

१९ मार्च
काल लिहायचं टाळलं. आज विमलनं पेपर पुढ्यात घेऊन एकेक प्रश्न विचारला. तो कोन धरला तर काठावर पास, सोडला तर नापास.
"११५ लिहिलंत ना?"
लिहिलं. कारणही लिहिलं. मग सांगून टाकलं, खाली एक ओळ जास्तीची आहे. 'आकृतीत ६५चा कोन ७० भरतो, कृपया तपासावे.'
तिनं पेपर खाली ठेवला. "अहो, तपासणाऱ्यालाच तपासायला सांगितलंत?"
म्हटलं, दिसल्यावर सांगायला नको का? हसायला लागली, मग मधेच मार्कांची बेरीज परत करायला बसली.
निकाल जूनमध्ये. तपासणारा हातानं काम केलेला असेल तर कोनमापक काढून बघेल. नुसता मास्तर असेल तर त्या ओळीपुढं लाल पेनानं लिहील, 'कारण?'