शीघ्रहंसच्या माफीनाम्याला वीसपैकी तीन

भवानी पेठ, सोलापूर
रविवार

तीर्थरूप आण्णांस धाकट्या मायाक्काचा वाकून नमस्कार. (तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागदावर वाकले आहे.) वहिनींचा गुडघा आणि तुमचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील असं धरून चालते.

ऋतुजाच्या लग्नाला सख्खी आत्या का आली नाही, असं करकंबात अजून विचारतात म्हणे. आण्णा, आत्या निघाली होती हो. जिला मांडीवर घेऊन बाराखडी शिकवली तिचं लग्न, म्हणून पहाटेच नऊवारी नेसून तयार होते. शीघ्रहंस ट्रॅव्हल्सची बस, पेठेतली बेचाळीस वऱ्हाडी मंडळी, उन्हामुळं ओढलेले पडदे, आणि आत गाण्याच्या भेंड्या अशा पेटलेल्या, की 'ळ'वरून गाणं असतं का यावर तासभर भांडण. बस थांबली. सनई, मांडव, सगळं जागच्या जागी. मी सगळ्यांत आधी उतरून नवरीच्या आईला मिठी मारली. ती कानडीत काहीतरी बोलली. वहिनींना कानडी कधीपासून यायला लागलं, म्हणून तोंड बघितलं, तर त्या वहिनीच नव्हत्या. करकंबऐवजी आम्ही करजगीला पोचलो होतो, म्हणजे पार उलट्या दिशेला. तिथली माणसं पोट धरून हसली आणि "ऊटा माड्री", म्हणजे जेवून घ्या, म्हणत आम्हाला पंगतीत बसवून मोकळी झाली. जेवण उत्तम होतं (हे वहिनींना वाचून दाखवू नका). पण परक्या लेकीवर अक्षता टाकताना मला रडू आवरेना.

तिसऱ्या दिवशी पेपरात कंपनीची जाहीर दिलगिरी आली. "काही प्रवाशांना नियोजित स्थळापेक्षा वेगळ्या स्थळाचा अनुभव आला. कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. संबंधित चालकास कामावरून दूर करण्यात आले आहे." चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईनं हे वाचून गप्प बसायचं होय? लाल पेन काढला. 'अनुभव आला' खाली रेघ मारून लिहिलं, सहल होती का? 'असल्यास' भोवती गोल केला. 'करण्यात आले' पाशी लिहिलं, कर्ता कुठं आहे? वीसपैकी तीन गुण, तेही अक्षर छापील आहे म्हणून. शेजारच्या संस्कृती नावाच्या पोरीनं त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि दोन दिवसांत तो सोलापूरभर फिरला.

मग कंपनीचे मॅनेजर युवराजसाहेब यांनी मला चहाला बोलावलं. तिथं तो काढून टाकलेला ड्रायव्हर प्रभूही होता, हिशेब मागायला आलेला. साहेब म्हणाले, "बाई, नवा मसुदा केलाय, तेवढा तपासून द्या." त्यात 'कंपनी खेदपूर्वक नमूद करते' होतं. पाच दिले. पुढच्याला सात. शेवटी मी विचारलं, "बस करजगीला न्यायला सांगितलं कुणी?"

प्रभूनं खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर नुसतं 'कर.' लिहिलेलं. "हापिसात फोन केलता की बाई. साहेब म्हणले, लिवलंय तितं जा, डोकं खाऊ नको."

साहेबांनी चिठ्ठी हातात घेतली. अक्षर त्यांचंच होतं. मग कागद ओढून स्वतः लिहिलं: "चिठ्ठी मी अर्धवट लिहिली. प्रभूनं विचारलं तेव्हा मी त्याला झिडकारलं. त्याला मी उद्यापासून परत कामावर घेतो. माझ्यामुळं बेचाळीस माणसांचं लग्न हुकलं." मी अठरा दिले. दोन कापले, कारण शेवटचं वाक्य वाचून लोकांना वाटेल आम्ही बेचाळीसच्या बेचाळीस बोहल्यावर चढणार होतो. काल ते छापून आलं. कात्रण सोबत जोडलं आहे. तेव्हा आता राग सोडावा.

तुमची
मायाक्का

ता. क. त्या दिवशी चहानंतर जिन्यात प्रभू हळूच म्हणाला, "बाई, तुमचं नाव न्हाय घेतलं मी." आण्णा, मी पहिल्याच सीटवर होते. गावाबाहेर पडताना त्यानं मान वळवून विचारलं होतं, "करजगीच न्हवं?" माझं सगळं लक्ष भेंड्यांत. "व्हय व्हय, चल तू," म्हणाले.

आणखी एक. वरच्या चार ओळींआधी तीन कागद फाडले. पहिल्यावर 'माझ्याकडून होकार दिला गेला असल्यास' असं उतरलं होतं. आज सकाळी जाऊन युवराजसाहेबांना खरं सांगून आले. आता ऋतुजा राहिली. गुरुवारी एसटीनं येते. तोवर तिला काही सांगू नका, माझ्या तोंडून ऐकू दे. तुम्ही फक्त दार उघडा.