लेआंद्रोचे नाव लेआंद्रोला

मी, ज्याला सान आंतोनियोच्या पश्चिम भागात नोगल रस्त्यावरची सगळी माणसे लेआंद्रो कांतू म्हणून ओळखतात, वय कागदावर त्र्याहत्तर आणि खरे बहात्तर, धंदा सकाळचे टाको करून खिडकीतून विकणे, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने आणि माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. मूत्रपिंडांनी हात टेकले आहेत, डोके मात्र जागेवर आहे. काल सकाळच्या गर्दीत चिठ्ठ्यांकडे न बघता मी एकोणीस जणांच्या मागण्या पुऱ्या केल्या, हे माझ्या मुलीने पाहिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण ते कोणत्या नावाने करावे हे ठरत नव्हते.

माझे खरे नाव निकानोर सेर्तुचे. जन्म एल मेस्कितल, कोआविला, नदीच्या, म्हणजे सरहद्दीच्या, पलीकडे. लेआंद्रो कांतू नावाचा माणूस वेगळा होता. तो एकोणपन्नास वर्षांपूर्वी वारला आणि तेव्हापासून त्याचे नाव मी वापरतो आहे. ग्रिसेल्दा आणि एफ्राइन, तुम्ही हे उभ्याने वाचत असाल तर आधी बसा, आणि पुढचे सगळे वाचून झाल्यावरच एकमेकांना काय बोलायचे ते बोला.

१. घर आणि दुकान. याविषयी लिहिण्याचा मला फारसा हक्क नाही, कारण दोन्ही माझ्या नावावर कधीच नव्हते. दोन्या एर्लिंडा, जिला गल्ली मानाने दोन्या म्हणे आणि तुम्ही आजी म्हणत होता, तिने ते तुमच्या आईच्या, अम्पारोच्या, नावावर केले. "नाव उसनं असलं तरी चालेल, घर मात्र खऱ्या माणसाच्या नावावर पाहिजे," असे ती म्हणाली होती. अम्पारोने ते तुम्हा दोघांना दिले आहे. माझ्या खोटेपणाचा डाग त्या कागदांवर नाही, हे मी वकिलाला आडून आडून विचारून घेतले आहे. एफ्राइन, तू ह्यूस्टनला लोकांची घरे थंड करतोस आणि इथली जागा विकून टाकावी असे दर नाताळला म्हणतोस. मी मनाई करू शकत नाही. फक्त ग्रिसेलच्या सहीशिवाय काही करू नकोस, आणि खिडकीच्या आत उन्हाळ्यात किती उकडते हे तिला सांगायला लावू नकोस, स्वतः येऊन एक यंत्र बसव.

२. लाटणे. झाडूच्या दांड्याचा कापलेला तुकडा आहे तो, मधोमध हाताने झिजलेला. तो ग्रिसेल्दाला. त्याच्याशेजारी दुकानातून आणलेले गुळगुळीत लाटणे ठेवले आहे, ते फक्त फोटोसाठी आहे. पिठाला डुकराची चरबीच घालावी, डॉक्टर काहीही म्हणोत. जे खाणार नाहीत त्यांच्यासाठी मक्याची तोर्तिया आहेच.

३. घेवड्याचे मोठे पातेले फिदेन्सिओ रांगेल यांना. या गृहस्थांनी १९९८ साली चर्चच्या अंगणात, शंभर माणसांसमोर, लेआंद्रोचा घेवडा डब्यातला असतो असे जाहीर केले. मी सव्वीस वर्षे ते नाकारले, त्यांना खिडकीशी कडू तोंडाने साल्सा दिला आणि त्यांच्या बायकोच्या वाढदिवसालाही गेलो नाही. फिदेन्सिओ, त्या दिवशी घेवडा करपला होता आणि मी डबे उघडले होते. एकच दिवस, पण उघडले होते. तुमची जीभ खरी होती. पातेले घ्या, आणि तळाचा करपलेला डाग घासून निघत नाही हेही पाहून घ्या.

४. जुना ट्रक एफ्राइनला. उजवा दरवाजा आतून उघडत नाही.

५. आता मुख्य गोष्ट.

१९७५ च्या सप्टेंबरात लेआंद्रो कांतू, दोन्या एर्लिंडाचा एकुलता एक मुलगा, इथेच जन्मलेला, आईच्या गावच्या जत्रेला एल मेस्कितलला आला. आमची दोस्ती तीन दिवसांची. तो फार हसायचा आणि ट्रक फार जोरात चालवायचा. जत्रेच्या तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे कोरड्या ओढ्यातून ट्रक घालत होतो, वर डोंगरात पाऊस झाल्याचे आम्हाला ठाऊक नव्हते. लोंढा आला. मी बाहेर निघालो, तो निघाला नाही. सप्टेंबरच्या उकाड्यात बर्फ कुठून आणणार, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याला तिथे पुरले. त्याच्या आईला कळवायला कोणी तरी जायला हवे होते. माझे आईवडील केव्हाच गेले होते, मागे रडायला कोणी नव्हते, म्हणून मी निघालो. त्याचे पाकीट माझ्या खिशात होते. त्यात जन्माचा दाखला होता आणि कामाचे कार्ड.

नदी ओलांडून, दोन दिवस काही न खाता, पहाटे साडेपाचला मी याच घराच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. समोरच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी दोन्या एर्लिंडा तेव्हाही खिडकीतून टाको द्यायची. मी म्हटले, "मी एल मेस्कितलहून आलोय." तिने माझ्याकडे एकदा वरून खाली पाहिले.

"जेवलास का रे?"

"दोन्या, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"सांगशील. आधी बस. गार झालं की तोर्तियाची चव जाते."

तिने बटाटा-अंड्याचे दोन टाको माझ्यापुढे ठेवले आणि मी ते खाल्ले. हे मी आज लिहून ठेवतो, कारण दोन्या एर्लिंडाखेरीज हे फक्त अम्पारोला ठाऊक होते. तिच्या मुलाचे पाकीट खिशात ठेवून मी तिच्या हातचे दोन्ही टाको शेवटच्या घासापर्यंत खाल्ले, बोटेसुद्धा चाटून पुसली, आणि मग तिला सांगितले की तो वारला.

त्या गोष्टीची मला आयुष्यभर लाज वाटली. पुढे अनेक वर्षांनी मी ती दोन्या एर्लिंडापाशी काढली, तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंस. आधी सांगितलं असतंस तर तुला उपाशी परत जावं लागलं असतं. माझ्या हातून त्या दिवशी काही शिजलं नसतं."

नवव्या दिवशी, प्रार्थना संपल्यावर, तिने दाखला आणि कार्ड माझ्यासमोर ठेवले. "त्याला आता याचा उपयोग नाही," ती म्हणाली. "तुला आहे. घे." मी नको म्हटले. ती म्हणाली, "फुकट देत नाही. रोज सकाळी मी हाक मारीन, लेआंद्रो, चल, खाऊन घे. तू ओ द्यायचीस. आणि तुझं आयुष्य संपलं की त्याचं त्याला परत करायचं. तोवर त्याच्या दगडावर नाव नको. दगडावर नाव चढलं की तू पकडला जाशील." मी कबूल झालो. खऱ्या लेआंद्रोला ओळखणारे तेव्हाचे शेजारी तिच्या शब्दाखातर गप्प राहिले आणि पुढे एकेक करून गेले. अठरा वर्षे ती रोज हाक मारत होती. शेवटच्या सकाळी, इस्पितळात, तिने लेआंद्रो म्हणून हाक मारली. ती कोणाला मारली हे मला ठाऊक नाही. मी ओ दिली.

म्हणजे मुलांनो, एल मेस्कितलच्या दफनभूमीत, कडेच्या कुंपणाशी, जो बिननावाचा दगड आपण दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी धुतो आणि ज्याच्याशेजारी बसून आजी तुम्हाला संत्री सोलून द्यायची, तो तिचा मुलगा आहे. तुम्ही विचारायचात, "हे कोण, पापा?" आणि मी म्हणायचो, नातलग.

दुकानाच्या पाटीवर तिने रंगाऱ्याकडून मोठ्या लाल अक्षरांत 'लेआंद्रो' लिहून घेतले तेव्हा मी घाबरलो होतो. ती म्हणाली, "लपवून ठेवलेलं नाव लोक शोधतात, वेड्या. भिंतीवर लिहिलेलं कोण वाचतंय?" पाटी तशीच राहू द्यावी. ते दुकान त्याच्याच नावाचे आहे, माझे कधी नव्हते.

६. अम्पारोच्या दगडाची कोरी बाजू. ग्रिसेल, तुझी आई जाऊन सहा वर्षे झाली आणि सहा वर्षे तू माझ्याशी यावरून भांडतेस. जोडीच्या दगडावर मागे राहिलेल्याचे नाव आणि जन्मसाल आधीच कोरून ठेवतात, सगळेच ठेवतात, मी मात्र पाथरवटाला डावी बाजू कोरी ठेवायला सांगितली. तू सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडलीस, "पापा, आईशेजारी नाव टाकायला काय होतंय तुम्हाला? दुसरी कोणी बघून ठेवलीय की काय?" लोक हसले, मीही हसलो. मग तू तीन आठवडे माझ्याशी फक्त मागण्यांपुरते बोललीस. पोरी, मला तिच्याशेजारी खोटे झोपायचे नव्हते, एवढेच कारण होते. तुझ्या आईला लग्नाआधीपासून सगळे ठाऊक होते. तिने मला वयाच्या तेविसाव्या वर्षापासून "म्हातारबा" म्हटले ते लाडाने, असे तुम्हाला वाटायचे. लाड होताच, पण तिला खोट्या नावाने हाक मारायची नव्हती आणि खऱ्या नावाने मारता येत नव्हती.

एकदाच ती चुकली. १९८८ साली रस्त्याच्या कामावरचा एक माणूस आला, चोरिसो सॉसेजचे दोन टाको सांगितले आणि चिठ्ठीवर नाव लिहिले निकानोर. पिशवी बांधून मी हाक मारायला तोंड उघडले आणि आवाजच फुटेना. तेरा वर्षांत मी ते नाव मोठ्याने उच्चारले नव्हते. अम्पारोने माझ्या हातातून चिठ्ठी ओढून घेतली, वाचली, माझ्याकडे पाहिले आणि खिडकीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "निकानोर!" बाहेरच्या माणसाने ओ दिली आणि तव्याजवळून मीही दिली. गिऱ्हाईक हसून हसून लोटपोट. कोणी तरी ओरडले, "काय रे लेआंद्रो, इतकी भूक लागलीय की दुसऱ्याच्या टाकोवर डोळा?" अम्पारो हसली नाही. ती आत आली, कांदा चिरायचे निमित्त केले आणि बराच वेळ डोळे पुसत बसली. ती हाक मला पुन्हा कधी ऐकायला मिळाली नाही.

७. म्हणून माझी शेवटची इच्छा अशी. बँकेत माझे म्हणून जे काही निघेल त्यातून आधी दोन दगडांचे काम करावे. एल मेस्कितलच्या दगडावर 'लेआंद्रो कांतू, १९५१ ते १९७५, एर्लिंडाचा मुलगा' असे कोरावे. अम्पारोच्या दगडाच्या डाव्या बाजूला 'निकानोर सेर्तुचे' असे कोरावे आणि १९५२ घालावे. पाथरवटाला आडनावे का वेगळी असा प्रश्न पडला तर त्याला टाको द्यावा, उत्तर देऊ नये. सरकारला काय सांगायचे ते त्या वकिलाला विचारून तुम्ही ठरवा. मेलेल्या माणसाला कोणी नदीपार धाडत नाही.

तुमचे आडनाव कांतू आहे आणि ते तुमचेच राहील. बाप्तिस्म्याच्या पाण्याने मिळालेले नाव कोणी काढून घेत नाही. ग्रिसेल, तुझा मुलगा लेआंद्रो याला वाटेल की आपले नाव चोरीचे आहे. त्याला सांग, आजोबांनी ते उसने घेतले होते, त्याला मात्र त्या नावाच्या आईने, पणजीने, स्वर्गातून दिलेले आहे, कारण ती असती तर तिनेच ठेवले असते. मला चोर म्हणायचे असेल तर तुम्ही दोघे म्हणू शकता. मी रागावणार नाही, आणि रागावलो तरी तुम्हाला कळणार नाही.

८. माझ्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवू नये. साडेपाचला खिडकी उघडावी. सात वाजता, गर्दी भरात असताना, बटाटा-अंड्याचे दोन टाको एका पिशवीत बांधावेत आणि ग्रिसेलने आधी "लेआंद्रो!" अशी हाक मारावी, जशी आजी मारायची. मग दुसऱ्या पिशवीत दोन बांधावेत आणि आईसारख्या मोठ्या आवाजात "निकानोर!" म्हणावे. मला ते नाव माझ्या लेकीच्या तोंडून एकदा तरी या गल्लीत उच्चारलेले हवे आहे. कोणी ओ देणार नाही. थोडा वेळ थांब, पुन्हा हाक मारू नकोस. दाराशी जो कोणी दुरून चालत आलेला, उपाशी दिसेल, त्याला दोन्ही पिशव्या दे. त्याला काही सांगायचे असेल तर म्हण, आधी खाऊन घे.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे आणि ते खरे आहे. हे लिहिताना मी माझी सही एकोणपन्नास वर्षांनी केली. पहिला प्रयत्न फसला, हात आपोआप दुसरेच नाव लिहू लागला, तो कागद मी फाडून टाकला.

सही: निकानोर सेर्तुचे
(जगात वावरलो ते नाव: लेआंद्रो कांतू)

साक्षीदार:
उर्बानो लोसोया, निवृत्त बसचालक. मजकूर वाचला. डोके ठिकाणावर असल्याची खात्री केली.
कोन्सुएलो बारेरा, परिचारिका. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असे म्हणतात, म्हणून या दोघांना मी काही ठेवलेले नाही. उर्बानोची फुकटची कॉफीही आजपासून बंद.

ठिकाण: नोगल रस्ता, सान आंतोनियो, दुकानातले कोपऱ्यातले टेबल
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४, सकाळचे गिऱ्हाईक ओसरल्यावर