गुणवंतरावांची उजळणी

३ नोव्हेंबर
सिंदेवाहीत थंडी सुरू. गुणवंतरावांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. (लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, वहीत तरी नवऱ्याचं नाव घेते.) दोनेक महिन्यांपासून जरा विसरतात. बाकी काही नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंची २५ तारीख मिळाली. त्या स्मरणशक्तीची तोंडी परीक्षा घेतात म्हणे. परीक्षाच ना? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, उजळणी केली की कोणी नापास होत नाही. उद्यापासून रोज एक तास.

५ नोव्हेंबर
काल राहिलं. आज अल्झायमरचा धोका कोणाला जास्त, ते मोबाईलवर वाचून यादी केली. कमी शिक्षण: हे एम.एस्सी., तीस वर्षं भाताच्या संशोधनात. खोडलं. बीपी: गोळी घेतली की नसतं. खोडलं. ऐकू कमी येणं: ह्यांना फक्त माझंच येत नाही, तेही लग्नापासून. खोडलं. डोक्याला मार: मूल गावच्या रस्त्यावर स्कूटरला रानडुक्कर आडवं आलं होतं. पण टाके चारच. अर्धं खोडलं. वय. ह्याला काय करणार? पान उलटलं.

९ नोव्हेंबर
नमुना प्रश्न मिळाले. तीन शब्द सांगतात, पाच मिनिटांनी पुन्हा विचारतात. सफरचंद, टेबल, नाणं. ह्यांच्याकडून घोकून घेतलं. सुकरी भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, भाऊले जेवलो का नाई ते याद नाई, अन् तुमी सफरचंद काऊन पाठ करवून राह्यल्या?" तिला अभ्यासातलं काय कळतं! तिन्ही शब्द तिचेही पाठ झालेत.

१४ नोव्हेंबर
मेंदूला चालना म्हणून काल वडशाला झाडीपट्टीचं नाटक दाखवलं. आज कथा विचारली. न अडखळता सांगितली, गाण्यांसकट. कालच्या नाटकाची नव्हती. साखरपुडा झाल्यावर आम्ही दोघांनी घरी न सांगता पाहिलेल्या नाटकाची होती. पूर्ण मार्क दिले.

१८ नोव्हेंबर
रक्ताचा रिपोर्ट. बी-ट्वेल्व्ह कमी असलं किंवा थायरॉइड बिघडला तरी माणूस विसरतो, आणि ते औषधाने सुधारतं. गणपतीला आणि मदर मेरीला, दोघांनाही सांगून ठेवलं होतं, काहीतरी कमी निघू दे. लॅबचे कमरुद्दीनभाई ओरडले, "मुबारक हो बाई, सब नॉर्मल! जवान पोरायले लाजवते भाऊचं रक्त!" मी त्यांच्यावर का चिडले, बिचाऱ्यांना कळलं नाही.

२५ नोव्हेंबर, सकाळ
तारीख, वार, जिल्हा, सगळं तयार. आज आम्ही पास होणार.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ
डॉक्टरीणबाईंचे शब्द वेगळेच. नदी, कुलूप, कावळा. पाच मिनिटांनी ह्यांनी छाती फुगवून सांगितलं, "सफरचंद, टेबल, नाणं." घड्याळ काढायला दिलं, तर बाराही आकडे एकाच बाजूला.

मग ह्यांना बाहेर बसवलं. एमआरआय बघायचा आहे, पण अल्झायमरच वाटतो, म्हणाल्या. कधीपासून आहे हे? दोन महिने, मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, परीक्षा तुमची नाही. खरं सांगाल तर पुढचं ठरवता येईल."

सहा महिने, म्हटलं. मग एक वर्ष. मग तीन. तीन म्हणताना मला रडू फुटलं.

आवाज ऐकून दार ढकलून हे आत आले. स्वतःचा घडी घातलेला रुमाल माझ्यासमोर धरला आणि डॉक्टरांना हळूच विचारलं, "या बाईंसोबत कोणी आलं नाई काय?"

आले आहेत, मी म्हटलं.