मध्यंतरापर्यंतचं मत

बुधवार, १ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प. दर शुक्रवारी एक सिनेमा आणि दर शनिवारी सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याबद्दल मत. गावाला चांगलं-वाईट समजावून सांगणारं कोणीतरी हवंच. दिपेश ॲडमिन झाल्यापासून ग्रुपवर पाणी कधी सुटणार आणि कोणाची म्हैस सुटली, एवढंच येतं.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, आधी दुकानावरचा पत्रा बदला. पत्रे विकणाऱ्याचा पत्रा गळतो हे मान्य. पण जानेवारीत पाऊस कुठे असतो?

शुक्रवार, ३ जानेवारी
अलिबागला सहाचा शो. खुनाचा सिनेमा. मध्यंतराला निघालो. मोरूची शेवटची मिनीडोर तेव्हाच स्टँडवरून सुटते. सहा माणसांच्या रिक्षात अकरा कोंबतो, पण घरापर्यंत आणतो. रात्री मोटारसायकल मी चालवत नाही, समोरचे दिवे डोळ्यांवर येतात. म्हणून गेली पंचवीस-तीस वर्षं मध्यंतरालाच उठतो. काही अडलेलं नाही. सिनेमा कसा आहे ते तोवर कळतंच. पुढे दिग्दर्शक नुसता पसारा आवरत असतो. आवराआवर कशाला बघत बसायची?

शनिवार, ४ जानेवारी
मत टाकलं. "खुनी कोण, हे सांगितलेलं नाही. प्रेक्षकांच्या बुद्धीवर सोडलं आहे. हे धाडस आवडलं. पाचपैकी चार."
भरपूर अंगठे आले. दिपेशने विचारलं, दिनूदादा, मग पोलिसांनी त्या डॉक्टरला कशाला धरला? मी उत्तर दिलं, प्रत्येकाने आपापला अर्थ लावावा.

शनिवार, ११ जानेवारी
काल भुताचा पाहिला. मत: "भूत कुठेच नाही. नुसती दारं वाजतात. घरमालकाने बिजागऱ्यांना तेल घातलं असतं तर सिनेमाच झाला नसता. पाचपैकी दीड."
दुकानात दोन गिऱ्हाइकं बिजागऱ्या घेऊन गेली. समीक्षेचा धंद्यावर परिणाम होतो.

सोमवार, १३ जानेवारी
ताई तिळाचे लाडू घेऊन आली. बातमी मोठी आहे. तिचा प्रणय, म्हणजे माझा सख्खा भाचा, सिनेमात आलाय. येत्या शुक्रवारी लागतोय. भावजी गेल्यावर ताईने पांढरा कांदा विकून त्याला वाढवला. चार वर्षं तो मुंबईत धडपडतोय आणि चार वर्षं गाव ताईला विचारतंय, पोर नक्की करतो काय?
जाताना ताई म्हणाली, "दिनू, मना त्यातला काय कलत न्हाय. पन तू चांगला बोललास, तर लोकांची तोंडा बंद होतील."
म्हटलं, निर्धास्त राहा.

बुधवार, १५ जानेवारी
नाक्यावर बॅनर लागला. "गावची शान प्रणय." खाली शुभेच्छुकांचे फोटो. माझ्या फोटोखाली "मा. दिनानाथ, सिनेअभ्यासक". मधला फोटो प्रणयचा आहे, पण मी गॉगल घातल्यामुळे नजर माझ्याकडेच जाते. दिपेशचा फोटो कोपऱ्यात आलाय.

शुक्रवार, १७ जानेवारी
प्रणयचा सिनेमा पाहून आलो. मन खिन्न आहे. पोरगा त्यात कुठेच नाही.
डोळ्यांत तेल घालून पाहिलं. लग्नाच्या पंगतीत एक जण पाठमोरा होता, पण त्याला टक्कल आहे. बिचाऱ्या प्रणयला कापला. सौ. म्हणाली, शेवटपर्यंत थांबला असतात तर? तिला सिनेमाचं तंत्र कळत नाही. ज्याला घ्यायचं, त्याला सुरुवातीलाच घेतात.
ग्रुपवर लिहावं की नाही, यावर खूप विचार केला. समीक्षकाला भाचा नसतो.

शनिवार, १८ जानेवारी
लिहिलं. "सिनेमा ठीक. प्रणय मात्र यात नाही. मुंबईवाल्यांनी आपल्या मुलाला फसवलं. पाचपैकी दोन."
गाव हळहळलं. रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. दुपारपर्यंत दिपेशने बॅनर उतरवला. संध्याकाळी तो त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर अंथरलेला दिसला. माझी बाजू वर आहे.
ताईचं दार दिवसभर बंद होतं. दुःखात माणसाला एकांत हवा असतो. गेलो नाही.

रविवार, १९ जानेवारी
पनवेलहून प्राप्तीचा फोन. आमची मुलगी तिथे नोकरीला असते, तिने काल सिनेमा पाहिला. म्हणाली, पप्पा, प्रणयदादा मध्यंतरानंतर येतो आणि मग शेवटपर्यंत तोच आहे. लोक टाळ्या वाजवत होते. मग तिने विचारलं, तुम्ही नेहमीसारखे उठलात ना?
मी म्हणालो, रेंज नाही.

सोमवार, २० जानेवारी
ताईकडे गेलो. दिग्दर्शकाची चूक समजावून सांगायची होती. मुख्य माणूस मध्यंतरानंतर आणणं ही कसली पद्धत?
ताई कांद्याच्या माळा विणत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "चार वर्सा लोकांचा ऐकला. ते परके व्हते. तू माजा भाव हायस ना रं?"
चहा विचारला नाही. ताईच्या घरातून बिनचहाचा मी कधी बाहेर पडलेलो नाही. फार वाईट वाटलं.
घरी येऊन ग्रुपवर खुलासा टाकला: "माझं मत मध्यंतरापर्यंत ग्राह्य धरावं." दिपेशने विचारलं, म्हणजे सगळीच मतं का? मग तिघाचौघांनी मिळून सांगितलं की खुनी डॉक्टर होता आणि भूत मध्यंतरानंतर चांगलं तासभर नाचतं. फोन बंद करून दुकानात खिळे निवडत बसलो.

मंगळवार, २१ जानेवारी
प्रणयचा फोन. रागावलेला नव्हता. मुलगा गुणी आहे. गुरुवारी सहाला अलिबागचा शेवटचा शो, मग सिनेमा उतरणार. तो गेटवेहून लाँचने मांडव्याला येतोय. ताईने अजून सिनेमा पाहिलेला नाही. तिची अट आहे, पाहीन तर दिनूबरोबर. त्याने शेजारी शेवटपर्यंत बसायचं आणि मग गावाला काय सांगायचं ते सांगायचं.
परत यायला प्रणयच्या मित्राची गाडी आहे. मिनीडोरचा प्रश्नच नाही. मी म्हणालो, यात अट कसली? बसणं माझ्या हातचा मळ आहे. दुकानात दिवसभर तेच करतो.

बुधवार, २२ जानेवारी
दाढी केली. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. उद्या ताई बोलेल. ताई बोलली की गाव बोलेल. थिएटरमधला सगळा गारठा आपल्याच खुर्चीवर पडतो, म्हणून पिशवीत मफलर टाकला. काही कमी राहायला नको.

गुरुवार, २३ जानेवारी. घरी, रात्री
ताई ठेवणीतली साडी नेसून आली होती. मी मधे, ती उजवीकडे, प्रणय डावीकडे. पूर्वार्ध मला पाठ होता, म्हणून ताईला पुढचं आधीच सांगत होतो. ती म्हणाली, गप रव. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली. बरं वाटलं.
मध्यंतर झालं. ताईने विचारलं, "आता येनार ना माजा पोर?" म्हटलं, येणार, डोळे उघडे ठेव. पिशवी आणि फोन खुर्चीवर ठेवला, वडापाव आणायला बाहेर आलो. तीन घेतले. रस्त्यावर मोरूने हॉर्न वाजवला.
चोंढी नाक्यावर मोरूने विचारलं, दिनूशेठ, भाचा कसा दिसला? तेव्हा लक्षात आलं की मी मिनीडोरमध्ये बसलेलो आहे. हातात तीन वडापाव.
गाडी मागे घे म्हटलं. मोरूच्या आधी बाकीची माणसंच न्हाय म्हणाली. उतरून उभा राहिलो. अलिबागच्या दिशेने जाणारं कोणी थांबेना. शेवटी चालत घरी आलो. सौ.ने पिशवी कुठे विचारलं. तिच्या हातात वडापाव दिले.
नंतर तिच्या फोनवर प्रणयचा फोन आला. हळू आवाजात बोलत होता. सिनेमा सुटला, लोकांनी ताईभोवती गर्दी केली, तिच्या पाया पडले. त्याने ताईला सांगितलं होतं की मामाची पाठ धरली, म्हणून तो मागे भिंतीला टेकून बघतोय. आता मामा गाडी बघायला पुढे गेला, असं सांगितलंय. ताईने एकच विचारलं, म्हणाला. दिनू रडला का रं?
मी म्हटलं, हो सांग. तेव्हा मी रडतच होतो.