माझे पाय आता भाजत नाहीत

६ एप्रिल, सोमवार
ऑफिसात आरोग्य शिबिर. बोटाला सुई टोचली आणि शुगर ३१८ सांगितली. मशीन भंगार. शिवाय गेल्या आठवड्यात निवृत्त झालेल्या शिपायाचे पेढे आज खाल्ले होते (चार). शिबिरातल्या कालच्या पोराला, म्हणजे डॉक्टरला, सांगितलं की शुगरबिगर सोडा, तळपायाला मुंग्या येतात त्याचं बोला. तो म्हणाला, त्याचंच बोलतोय. उद्याच मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

संध्याकाळी एक व्हिडिओ बघितला. मुंग्यांचं खरं कारण सापडलं. पाय कमजोर. माणसाने बूट घातले आणि पायांची वाट लागली. पाय भक्कम केले की गुडघे, कंबर, पचन, बीपी सगळं आपोआप लाइनवर येतं. वयाची एकोणपन्नास वर्षं गेली, हे मला एकानेही सांगितलं नाही.

७ एप्रिल
संकल्प. पहाटे पाचला उठणे. अनवाणी तीन किलोमीटर. पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करणे, पन्नास वेळा. बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकणे. एका पायावर उभं राहून दात घासणे.

बायकोला प्लॅन सांगितला. उज्वलाने प्लॅन ऐकून घेतला आणि विचारलं, शिबिरात शुगर किती निघाली? नॉर्मल म्हणालो. बायकांना आकडे सांगू नयेत, भाजीत साखर टाकणं बंद करतात.

९ एप्रिल, सकाळी ७.४०
उठायला उशीर. अलार्म हळू वाजतो. टॉवेल: तीन वेळा. गोट्या: शून्य. फार गुळगुळीत आहेत, दुकानदाराने फसवलं. एका पायावर दात घासताना बेसिनवर पडलो. बेसिन निखळलं. तसंही जुनं होतं.

१२ एप्रिल, रविवार
साडू सुदर्शन (लातूर, बँक मॅनेजर, वय ४६, गर्व १००) याने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. दहा किलोमीटर पळाला म्हणे. गळ्यात मेडल, जे पळणाऱ्या प्रत्येकाला देतात. पायात लिंबाच्या रंगाचे बूट. सासरे शेषेराव यांनी लगेच लिहिलं, लई भारी जावईबापू. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीच्या सत्काराला याच माणसाने नुसता अंगठा टाकला होता.

असू दे. १७ मेपासून अधिक महिना. सासरहून, लोह्याहून, दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावणं येणारच. सासूबाई परातीत पाय धुतील, तेव्हा सगळ्यांसमोर कळेल कोणाचे पाय खरे आणि कोणाचे बुटातले.

२० एप्रिल
ऑफिसातून घरी पोचलो तर डाव्या पायात चप्पल नाही. कुठे निसटली कळलंच नाही. उज्वला घाबरली. म्हणे, असं कसं कळत न्हाई माणसाला? तिला समजावलं की पाय आता चप्पल स्वतःहून नाकारू लागलेत. लोकांना या टप्प्याला दोन महिने लागत असतील. मला चौदा दिवस लागले.

तिने पुन्हा शुगरचं काढलं. मी पेपर वाचत बसलो.

३ मे, रविवार, दुपारी २
बाहेर ४३ डिग्री. तरोडा नाक्यापासून घरापर्यंत डांबरावरून अनवाणी आलो. पाय भाजले नाहीत! अजिबात नाहीत! पलीकडे एका पोराची चप्पल तुटली होती, तो बेडकासारखा उड्या मारत रस्ता ओलांडत होता. मी कलेक्टरच्या चालीने चालत होतो. मुंग्याही बंद झाल्यात. त्या शिबिरातल्या डॉक्टरला कळवावं असं वाटलं, पण नको. त्याचा धंदा बसेल.

सायंकाळी तळव्याला दोन मोठे फोड. जुनी कातडी जाऊन नवी येते, तेव्हा असं होणारच.

११ मे
‘भक्कम पाऊल’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. ऑफिसातल्या एक्केचाळीस जणांना आणि उज्वलाला घेतलं. संध्याकाळपर्यंत तिघे उरले. मी, उज्वला आणि जानेवारीत वारलेले आमचे हेडक्लार्क. या माणसांसाठी मी आयुष्यभर फायली हलवल्या. कृतघ्न लोक.

१९ मे
गोदावरीच्या काठाने बाभळींमधून फेरी. काटेच काटे, पण एकही टोचला नाही. टॉवेल अजून तीन वेळाच होतो, गोट्या शून्यच. पण टॉवेल आणि गोट्या हे नवशिक्यांचे प्रकार. मी त्यापुढे गेलोय.

२४ मे, रविवार
उज्वला म्हणाली, खोलीत वास येऊन राहिला, पाय दाखवा. पायाला चोळलेल्या एरंडेलाचा वास आहे म्हणालो. दाखवा तर खरं, म्हणाली. नाही दाखवले. दोन दिवसांपासून मोजे घालूनच झोपतो. पुढच्या रविवारी धोंड्याच्या जेवणाला सासरी दाखवायचे पाय आधीच कशाला उघडे करायचे, नजर लागते. ती रडली. तुझ्या माहेरच्यांना माझं कधी कौतुकच नाही, असं बोललो. अबोला सुरू झाला. व्यायामाला शांतता बरी.

२९ मे
अंगात कणकण. विष बाहेर पडतंय. उपाशी राहून नव्हे, दोन्ही वेळा दाबून जेवून सहा किलो उतरलो. उज्वलाने अबोला मोडून सांगितलं, लई वाळलात हो. जळते.

३१ मे, रविवार, संध्याकाळ. हॉस्पिटल, नांदेड
लिहितो. दुसरं काय करणार.

सकाळी लोह्याला पोचलो. दोन पाट, रांगोळी, मध्ये परात. आधी सुदर्शनचे पाय धुतले. पांढरे, मऊ, लहान लेकराचे असावेत तसे. मी मनात हसलो. मग माझी पाळी. मोजे काढले. सासरे तांब्याने पाणी ओतत होते, सासूबाई कस्तुराबाई हाताने पाय चोळत होत्या. मी पायाच्या कमानीविषयी सगळ्यांना माहिती देत होतो.

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी चष्मा मागितला. उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट फाकवून नखाने काहीतरी ओढून काढलं. बाभळीचा काटा. अर्ध्या बोटाएवढा, काळा पडलेला. परातीतलं पाणी गढूळ झालं आणि वास सुटला. मी अजून कमानीवरच बोलत होतो. त्यांनी विचारलं, कधीपसून हाय हे? मी विचारलं, काय कधीपासून?

त्या ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, जावईबापू, काटा रुतला तर बैल बी लंगडतो. तुमी लंगडला बी न्हाईत?

उज्वला दारात उभी होती. तिने विचारलं, त्या शिबिरात खरंच नॉर्मल होती का? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, ३१८. हा आकडा मी पहिल्यांदाच तोंडाने उच्चारला. ताटात तेहतीस अनारसे होते. घ्या म्हणून कोणी म्हणालं नाही.

सुदर्शनने मला दोन्ही हातांवर उचलून त्याच्या गाडीत ठेवलं. त्याला धापही लागली नाही.

२ जून
शुगर ४६०. पाय करंगळीपासून काळा. डॉक्टरने डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, तळव्याला बारीक तार लावतो, कळली की हो म्हणा. मी लक्ष देऊन बसलो. बराच वेळ झाला तसं वैतागून म्हणालो, करा की सुरू. तो म्हणाला, दहा ठिकाणी लावून झाली.

डोळे उघडले तर उज्वला भिंतीकडे तोंड करून उभी. मला फार भीती वाटली. दोन महिने जिला मी ताकद म्हणत होतो, ती ताकद नव्हती. पाय माझे राहिलेच नव्हते.

३ जून
उद्या ऑपरेशन. दोन बोटं नक्की, पुढचं उघडल्यावर, असं डॉक्टर म्हणाला. कागदावर उज्वलाची सही घेतली. तिने एकदाही म्हटलं नाही की मी सांगत होते. म्हणाली असती तर भांडता आलं असतं.

५ जून
दोनच गेली. उज्वला काल सकाळपासून पायथ्याशी बसून आहे, जेवलेली नाही. आत्ता तिने बँडेजच्या वर हलकेच हात ठेवला आणि विचारलं, लई दुखतंय का?

नाही म्हणालो.

माझ्या गळ्याची शपथ, खरं सांगा, म्हणाली.

खरंच नाही, म्हणालो. पायांबद्दल दोन महिन्यांत तिच्याशी पहिल्यांदा खरं बोललो. ती ओक्साबोक्शी रडायला लागली.