पाकिटामागचा नंबर

बाबा,

अंतर्देशीय आणायला रेवदंड्याच्या पोस्टात जातेय. कोळंबीचं कालवण झालंय, भात तेवढा लावून घ्या.

सकाळी तुम्ही इतक्या कौतुकाने सांगत होतात, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. परभणीच्या माझ्या पत्रमैत्रिणीच्या, सुलक्षणाच्या पाकिटामागे नंबर दिसला म्हणून लगेच फोन करायचा? पत्र पोचलं एवढं कळवायला? चार वर्षं आम्ही फक्त पत्रं लिहितो, तेही मुद्दाम. मी अजून तिचा आवाज ऐकलेला नाही आणि तुम्ही अर्धा तास बोललात. वर मी नवऱ्याला सोडून दिवाळीपासून इकडेच आहे, हेही सांगून मोकळे झालात.

ते मी तिला कळवलं नव्हतं. पत्ता पहिल्यापासून माहेरचाच दिलेला, त्यामुळे तिला शंका यायचं कारण नव्हतं. गेल्याच पत्रात प्रशांतने केलेल्या पोह्यांवर दीड पान लिहिलंय, चांगल्या हातकागदावर, हिरव्या शाईने. खरं लिहायला आता अंतर्देशीय पुरे.

पुन्हा माझ्या पाकिटांना हात लावू नका. तुम्हाला वाईट वाटेल, तरी लिहितेच. परभणीत तरी माझा संसार नीट चालला होता, बाबा.

नूतन