साक्षीदाराला काही मिळत नाही

बेकरीवाल्या काकांनी माझ्या दारावर लाथ घालून "पीठ मळता येतं का रे तुला?" असे विचारले, त्या सकाळी माझे आयुष्य बदलले. त्यापूर्वीचा मी त्यांच्या बेकरीवरच्या या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. हे मृत्युपत्र त्यानंतरचा मी, वय वर्षे तेवीस, तब्येत ठणठणीत, डोके ठिकाणावर (काकांचे मत वेगळे आहे), कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. मरायचा विचार नाही. खोली सोडतो आहे, तेव्हा वस्तूंची सोय लागावी, इतकेच. वकिलीच्या दुसऱ्या वर्षात मृत्युपत्राचा धडा झाला आणि लगेच मी कॉलेज सोडले. त्यामुळे नीट लिहिता येणारा हा एकच कागद.

१. याच खोलीत लिहिलेले माझे पहिले मृत्युपत्र रद्द समजावे. तेव्हा एका मुलीने मला नाही म्हटले होते. तिच्यावरचा राग मी प्राध्यापकांवर काढला, प्राध्यापकांवरचा कॉलेजवर आणि कॉलेजवरचा जेवणावर. त्या कागदात 'माझ्यामागे कोणी रडू नये' असे लिहून, खाली कोणी कुठे उभे राहून रडावे तेही दिले होते. पण पहाटे खालून ताज्या ब्रेडचा वास यायचा आणि उपासाचा बेत बारगळायचा.

२. गादी व टेबलफॅन माझ्या ताईला. त्या दिवसांत ती डबा घेऊन यायची आणि दाराबाहेरून म्हणायची, "रुसून बस हवा तेवढा, पण आधी माझा कालचा डबा दे." तिचे सगळे डबे घासून ठेवले आहेत. झाकणे ज्याची त्याला लागतील असे नाही.

३. माझा ॲप्रन काकांना देणार होतो. काका म्हणाले, "नको. मला साक्षीदार व्हायचंय." साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हा नियम समजावला, तरी ऐकेनात. सबब ॲप्रन पुढच्या कामगाराला. काकांनी मला हाक मारली ती त्यांचा हात भाजला होता म्हणून, माझी कीव येऊन नव्हे. हे ते रोज सांगत. पहिल्या दिवशी मी सगळा राग पिठावर काढला. ब्रेड विटेसारखा निघाला. काका म्हणाले, "साहेब, भांडायचं तर माझ्याशी भांडा. त्या बिचाऱ्यानं काय केलंय?" मग आम्ही वर्षभर भांडलो आणि ब्रेड फुगू लागला.

४. प्राध्यापकांवरचा राग कोणालाही देत नाही. सोमवारपासून त्यांच्याच वर्गात, माझ्याहून लहान पोरांशेजारी बसायचे आहे. राग सोबत नेतो, पण बॅगेच्या तळाशी.

५. पिठाची पोती आणणाऱ्या टेंपोवालीस काय द्यावे, ते ठरत नाही. ती म्हणते, "वकीलसाहेब, आधी पोतं उचला, कायदा नंतर." तिला एक गोष्ट विचारायची आहे. गेल्या वेळच्या 'नाही'पायी एक कॉलेज गेले. या वेळी 'नाही' आले तरी सोमवारी वर्गात बसेन, असे काकांसमोर कबूल केले आहे. तरी धीर होत नाही. म्हणून तिला काही न देता दुसरी साक्षीदार करत आहे. निदान तिची सही तरी माझ्याजवळ राहील.

ठिकाण: बेकरीवरची खोली.
दिनांक: खोली सोडली तो.
सही: मी.
साक्षीदार पहिले: बेकरीवाले काका (अंगठ्याजवळ पीठ आहे, ते सहीचा भाग नाही).
साक्षीदार दुसरी:

पुरवणी. टेंपोवाली वर आली. उभ्याउभ्याच सगळे वाचले, पाचवे कलम दोनदा.

"साक्षीदाराला काही मिळत नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"धडा झालाय माझा."

तिने पेनाला टोपण लावले आणि ते माझ्या खिशात खोचले. "मग मी नाही सही करत. तू दुसरा कोणीतरी बघ." आणि तरातरा जिना उतरून गेली.

काकांनी खिडकीतून समोरच्या शिंप्याला हाक मारली, "या हो वर! आमचा साक्षीदार फितूर झाला."

साक्षीदार दुसरे: समोरचे शिंपी.

दोघांच्या देखत पाचवे कलम दुरुस्त करतो: वर न लिहिलेले जे जे माझे आहे आणि पुढे होईल, ते तिचे.

खाली टेंपोचा हॉर्न वाजतो आहे. काकांच्या त्या लाथेपासून हे दार नीट बसत नाही. कागद त्यांच्या हाती देतो, बॅग घेतो, दार जरासे उचलून ओढतो, आणि लावतो.